ट्रकला घरगुती हायड्रोजन किट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरतेहून नागपूरकडे जाणारा आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारा, असे दोन्ही रस्ते धुळ्यात भेटतात. त्यामुळे कुठलीही नवी टूम इथल्या गॅरेजात पोचायला वेळ लागत नाही. डायनामो-सेल्फ आणि वायरिंगचं काम करताना हायड्रोजन किटबद्दल गाडीमालक, ड्रायव्हर आणि पॉलिटेक्निकची पोरं तेच तेच विचारतात. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आकडे सगळे दिले आहेत, कॅल्क्युलेटर काढून तपासा.

हे किट म्हणजे नेमकं काय असतं?

स्टीलच्या पत्र्यांचा एक संच, मध्ये रबरी गास्केट, आत कॉस्टिक मिसळलेलं पाणी. बॅटरीची वीज त्यातून सोडली की पाणी फुटतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात. हा वायू आधी बबलरमधून, म्हणजे पाण्याच्या एका छोट्या डब्यातून नेतात आणि मग एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात सोडतात. विकणारे त्याला एचएचओ, ब्राउन गॅस, ड्राय सेल अशी नावं देतात. पाणी विजेने फुटतं हे १८०० सालापासून माहीत आहे, त्यात गुपित काही नाही. स्टीलचे पत्रे, गास्केट आणि नट-बोल्ट आणून आपल्याकडचा कुठलाही हुशार फिटर दोन दिवसांत हे बनवतो.

डिझेल वाचतं का? एका शब्दात सांगा.

नाही.

वायू तर खरंच निघतो. डोळ्यांनी बुडबुडे बघितले, पेटवूनही बघितले. मग तो कुठे जातो?

वायू खरा आहे. किती निघतो, हे मात्र कुणी मोजत नाही. आपण मोजू.

२४ व्होल्टची गाडी, १२ सेल एकामागे एक जोडलेलं किट. इंजिन चालू असताना लाइनला २८ व्होल्ट धरा. किट १० अँपिअर ओढतं, म्हणजे २८० वॉट. आता फॅरेडेचा नियम. एका सेलमधून १ अँपिअर तासभर गेला की दोन्ही वायू मिळून सुमारे ०.६३ लिटर निघतात. पत्र्यांना कितीही ओरखडे मारा, पाण्यात काहीही टाका, हा आकडा वर जात नाही. १२ सेल आणि १० अँपिअरचे झाले तासाला ७५ लिटर, मिनिटाला सव्वा लिटर. ऐकायला भरपूर वाटतं.

त्यातला हायड्रोजन दोन तृतीयांश, म्हणजे ५० लिटर. त्याचं वजन साडेचार ग्रॅम. हायड्रोजनच्या एका ग्रॅममध्ये १२० किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे तासाभराच्या वायूत ५४० किलोज्यूल. एका लिटर डिझेलमध्ये ढोबळमानाने ३६,००० किलोज्यूल असतात. भागाकार केला की उत्तर येतं १५ मिलिलिटर. तासभर चाललेल्या किटने गाडीला तीन चमचे डिझेलएवढा हायड्रोजन दिला. तेवढ्या वेळात गाडीने जाळलेलं डिझेल बारा लिटरच्या वर असतं (ताशी ५० किलोमीटर, ४ चं ॲव्हरेज, म्हणजे लिटरला ४ किलोमीटर).

आता खर्चाची बाजू. २८० वॉट तासभर म्हणजे साधारण १,००० किलोज्यूल वीज. डायनामो आणि पट्टा मिळून ५५ टक्के धरले, तर ही वीज काढायला इंजिनाच्या शाफ्टवरून १,८०० किलोज्यूल जातात. ट्रकचं चांगलं डिझेल इंजिन इंधनातली ३८-४० टक्के ऊर्जा शाफ्टवर देतं, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाते. म्हणजे डिझेलच्या हिशेबाने ४,८०० किलोज्यूल, १३० मिलिलिटरच्या वर.

१३० घातले, १५ मिळाले. लिटर नव्वद रुपयांना धरलं तर तासाला दहा रुपयांचा तोटा. पत्रे बदलून, पीडब्ल्यूएम सर्किट (करंट झपाट्याने चालू-बंद करून आवरणारं) लावून हे प्रमाण थोडं इकडे तिकडे होईल, पण उलटणार नाही, कारण तीन टप्प्यांवर ऊर्जा गळते आणि एकाही टप्प्यावर वाढत नाही.

डायनामो तर फिरतोच आहे. त्याची वीज फुकटच ना?

डायनामो हाताने फिरवून बघितला असेल तर मोकळा असताना तो सहज फिरतो हे माहीत असेल. त्यावर लोड टाका आणि मग फिरवा. जितकी वीज मागाल तितका तो जड होतो, आणि तो जडपणा पट्ट्यातून इंजिनावर येतो. जुन्या गाडीत आयडलला असताना हेडलाइट आणि पंखा एकदम लावा, इंजिनाचा आवाज किंचित बसतो. ते डिझेलच आहे. डायनामोकडून फुकट वीज फक्त एका ठिकाणी मिळते, घाटाच्या उतारावर. त्याचं वेगळं उत्तर पुढे दिलं आहे.

विकणारा म्हणतो, हायड्रोजनची ऊर्जा महत्त्वाची नाही, त्याने डिझेल पूर्ण जळतं. हे तरी खरं?

हा दावा पहिल्यापेक्षा हुशार आहे, म्हणून थोडं थांबून बघू.

हायड्रोजनची ज्योत डिझेल-पेट्रोलच्या वाफेपेक्षा कितीतरी पट वेगाने पसरते, हे खरं. पण 'पूर्ण जळतं' म्हणायला आधी काहीतरी अर्धवट जळत असायला हवं. धड चालणाऱ्या डिझेल इंजिनात ९८-९९ टक्के इंधन आधीच जळलेलं असतं. पाठीमागून धूर दिसतो तो वजनाने फार थोडा असतो; काळा रंग डोळ्यांना फसवतो. किट ३० टक्के बचत देतं असं कुणी म्हणत असेल, तर आजवर तुमचं ३० टक्के डिझेल न जळता सायलेन्सरमधून वाहत होतं असा त्याचा अर्थ होतो. तसं असतं तर तो ट्रक लळिंगचा घाट चढलाच नसता.

दुसरं प्रमाणाचं. साडेपाच-पावणेसहा लिटरचं टर्बो इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार लिटर हवा ओढतं. त्यात तुमचा सव्वा लिटर वायू. हवेच्या दहा हजार भागांत दोन भाग. हवेत हायड्रोजनची ज्योत स्वतःहून पसरायला किमान ४ टक्के लागतो, म्हणजे दहा हजारांत चारशे. दोन भागांनी सिलिंडरातलं जळण बदलत नाही.

मग हायड्रोजन आणि डिझेल मिळून चालणारी इंजिनं असतात ती खोटी का?

नाही, ती खरी आहेत. तिथला हायड्रोजन वेगळ्या मापाचा असतो. दहा टक्के ऊर्जा हायड्रोजनमधून द्यायची ठरवली तर आपल्या हिशेबातल्या ट्रकला मिनिटाला ७० लिटर हायड्रोजन लागेल. तो गाडीतच बनवायचा तर किटला आठशेच्या वर अँपिअर हवेत. ट्रकचा डायनामो शंभर अँपिअर देतानाच घाम गाळतो.

म्हणून खऱ्या प्रकल्पांत हायड्रोजन बाहेर बनवून टाकीत भरून आणतात. दिल्लीत २०२० मध्ये ५० बस सीएनजीत १८ टक्के हायड्रोजन मिसळून चालवून बघितल्या. रिलायन्स आणि अशोक लेलँडने फेब्रुवारी २०२३ मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाचा ट्रक दाखवला. टाटांच्या १६ हायड्रोजन ट्रकांची चाचणी मार्च २०२५ मध्ये सुरू झाली, तिच्या मार्गांत आपल्या शेजारचं सुरतही आहे. या गाड्यांच्या टाक्यांत वायू शेकडो पट दाबाखाली असतो. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींची योजना मंजूर केली, तीही पाणी फोडण्याचीच आहे. पण तिथली वीज सूर्य-वाऱ्याची, डिझेल जाळून केलेली नाही.

विकणारे नासाच्या १९७७ च्या अहवालाचं नाव हमखास घेतात. तो अहवाल आहे, पण पेट्रोल इंजिनावरचा, आणि त्यातला हायड्रोजन गाडीच्या डायनामोवर बनवलेला नव्हता.

आमच्या ड्रायव्हरला ॲव्हरेज चारवरून साडेचार मिळालं. तो काय खोटं बोलतो?

बहुतेक नाही. साडेचार त्याने खरंच मोजलं असेल.

किट बसवायला गाडी गॅरेजात आली की सोबत एअर फिल्टर झटकला जातो, टायरची हवा बघितली जाते, लायनर घासत असतील तर ब्रेक सैल केले जातात. शिवाय मालकाने एवढे पैसे घातले म्हटल्यावर ड्रायव्हरचा पाय आपोआप हलका होतो. पुढची ट्रिप मोजली जाते म्हणून तो ओव्हरटेकही जपून करतो. यातली एकेक गोष्ट दोन-तीन टक्के देते. सगळी वाढ किटच्या नावावर जमा होते.

मग ट्रिपा सारख्या नसतात. सावदा-रावेरहून केळी भरून दिल्लीला गेलेली गाडी आणि येताना अर्ध्या मालावर आलेली गाडी यांचं ॲव्हरेज एकत्र धरून काही कळत नाही. वारा समोरून की मागून, बिजासन घाटात किती वेळ अडकलो, हे सगळं त्यात येतं. टाकीही फसवते. ३०० लिटर डिझेल १५ अंशांनी तापलं तर साडेतीन लिटरच्या वर फुगतं. पहाटे फुल केलेली टाकी आणि मे महिन्यातल्या दुपारी फुल केलेली टाकी सारखी नसते.

आणि एक गंमत. आपल्या हिशेबात किटने होणारा तोटा बारा लिटरांत शंभर-सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. साध्या टाकी-ते-टाकी मोजणीत तो दिसतच नाही. तोटा लपतो आणि योगायोगाचा फायदा उठून दिसतो. किटवाल्यांचा धंदा यावर चालतो. ज्याची ट्रिप वाईट गेली तो गप्प बसतो, ज्याची चांगली गेली तो चौफुलीवर चहा पिताना दहा जणांना सांगतो.

मला माझ्या गाडीवरच खात्री करायची आहे. चाचणी कशी घेऊ?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. अशी घ्या.

रस्ता एकच ठेवा, जाऊन-येऊन. धुळे ते सेंधवा आणि परत चालेल, पण मग दर वेळी तोच. दर खेपेला काट्यावर वजन करा आणि माल तेवढाच ठेवा. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. डिझेल एकाच पंपावर, एकाच जागी गाडी उभी करून, पहाटे भरा. गाडी एका बाजूला बोटभर कलली तरी टाकीत लिटर-दोन लिटरचा फरक पडतो.

किटला बटण लावा आणि ते ड्रायव्हरला दिसणार नाही असं बसवा. किट चालू की बंद हे चालवणाऱ्याला माहीत नको, ट्रिप मोजणाऱ्यालाही नको. तिसऱ्या माणसाने चिठ्ठी टाकून ठरवावं आणि वहीत लिहून वही बंद ठेवावी. चिठ्ठीत येईल तशा, चालूच्या आणि बंदच्या दोन्ही प्रकारच्या खेपा करा. एका खेपेवरून काही ठरवू नका. खेपांमधला फरक आपसातच पाच टक्के येत असेल तर त्या चाचणीने दोन टक्क्यांचं काहीही सिद्ध होत नाही.

याहून चांगलं म्हणजे टाकी बाजूला ठेवून एका वेगळ्या कॅनमधून इंजिन चालवा आणि कॅन काट्यावर तोला. रिटर्न लाइनही त्याच कॅनमध्ये आणा, नाहीतर सगळा हिशेब चुकेल. बाहेरच्या देशांत ट्रकच्या इंधन चाचणीची एसएई जे१३२१ नावाची पद्धत आहे, ती अशीच. कॅन तोलतात, शिवाय तशीच दुसरी गाडी किटशिवाय सोबत पळवतात, म्हणजे वारा-ऊन दोघांना सारखं लागतं. दोन गाड्या असलेल्या मालकाला हे सहज जमेल.

विकणाऱ्याला हीच चाचणी त्याच्या खर्चाने घेऊ म्हणा. उत्तर काय येतं त्यावरून बरंच कळेल.

केबिनवर सोलर पॅनेल टाकून किट चालवलं तर? वीज फुकट, मग फायदाच.

कल्पना चांगली आहे, आणि खान्देशात उन्हाला तोटा नाही. तीनशे वॉटचं पॅनेल भर उन्हात आपलं २८० वॉटचं किट कसंबसं चालवेल. मिळेल तासाला १५ मिलिलिटर डिझेलएवढा हायड्रोजन.

आता तीच वायर किटऐवजी बॅटरीला जोडा. लाइट, पंखा, जीपीएस, इंजिनाचं कंप्युटर यांना लागणारी तेवढी वीज डायनामोला द्यावी लागणार नाही आणि इंजिनावरचा तेवढा भार कमी होईल. वरच्या हिशेबाने ती बचत तासाला १३० मिलिलिटरपर्यंत जाते, अर्थात गाडीची तेवढी मागणी असेल तर. एकच पॅनेल, एकच ऊन, आणि पाण्यातून न नेता वापरलं तर आठ-नऊ पट फायदा. पॅनेल घेतलंच असेल तर चार्ज कंट्रोलर लावा आणि पाण्याचा डबा विसरा.

घाट उतरताना तर इंधन लागत नाही. तेव्हा किट चालवायचं?

कोंडाईबारी किंवा बिजासन उतरताना गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसेल, तर पंप डिझेल देणं बंद करतो. डायनामो गाडीच्या वजनाने फिरतो, ती वीज खरोखर फुकट. पण त्याच वेळी इंजिनात जाळायला काही नसतं, मग तुमचा वायू उगाच सायलेन्सरमधून जाणार. साठवून ठेवू म्हणाल तर हायड्रोजन-ऑक्सिजनचं तयार मिश्रण साठवणं म्हणजे केबिनमागे बॉम्ब बाळगणं. उतारावरची वीज साठवायला गाडीत बॅटरी आहेच.

याच निमित्ताने: उतारावर न्यूट्रल करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलला डिझेल पितं, गिअरमध्ये पीत नाही. ब्रेक तापतात ते वेगळंच.

पाणी कोणतं घालायचं? मीठ किंवा खायचा सोडा टाकला तर वायू वाढतो म्हणे.

मीठ अजिबात नको. मिठाने क्लोरीन निघतो, विषारी, वर पत्रे आणि इंजिनाचं ॲल्युमिनिअम खाऊन टाकतो. सोड्यानेही पत्रे कुरतडले जातात आणि पाणी पिवळं-तपकिरी होतं. स्टीलमधलं क्रोमियम त्यात उतरलेलं असतं, आणि त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करणारं आहे. ते पाणी हाताला लागू देऊ नका, बांधावर, विहिरीजवळ, गटारीत कुठेच ओतू नका.

बोअरचं पाणी आपल्याकडे जड, त्याने पत्र्यांवर थर बसतो. बॅटरीचं पाणी आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइड हेच त्यातल्या त्यात बरं. पण तेही कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. बबलर नीट नसेल तर त्याचे तुषार हवेसोबत टर्बो आणि इंटरकूलरच्या ॲल्युमिनिअमवर जातात. दोन-तीन हजारांच्या किटपायी टर्बो घालवायचा, याला काय म्हणावं!

उन्हाळ्यात काही वेगळा त्रास होतो का?

हो, आणि परराज्यातून किट आणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात ४५ अंश नेहमीचे. चासीजवळ, इंजिनाच्या झळीत किट त्याहून बरंच गरम. पाणी तापलं की त्यातून करंट जास्त वाहतो, करंट वाढला की पाणी आणखी तापतं, आणि हे चक्र फ्यूज उडेपर्यंत किंवा वायर वितळेपर्यंत चालतं. करंट बांधून ठेवणारं सर्किट नसलेलं किट आपल्या उन्हात चालवूच नये.

गरम किट वायूही जास्त देतंय असं वाटतं. ७० अंशांना बुडबुड्यात जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ वाफ असते. विकणारे मिनिटाला इतके लिटर म्हणून सांगतात त्यात ती वाफही धरलेली असते.

धोका कितपत?

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के अशा कुठल्याही प्रमाणात पेटतो. ठिणगी अगदी बारीक पुरते, अंगातल्या नायलॉनच्या शर्टाची सुद्धा. ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. आणि किटमधला वायू ऑक्सिजनसकट येतो, त्यामुळे तो जळत नाही, फुटतो. पाण्याच्या बाटलीत भरून पेटवायचे व्हिडिओ पोरं बघतात. तसं केलं तर कान आणि बोटं दोन्ही जाऊ शकतात.

गाडीत एक मोठी भीती इंजिन बंद, चावी चालू या अवस्थेची. किट वायू बनवत राहतं, ओढायला इंजिन नसतं, तो फिल्टरच्या पेटीत साचतो. मग कुणीतरी बोनेटजवळ बिडी पेटवतो किंवा सेल्फ मारतो. दुसरी भीती वायरिंगची. दहा-वीस अँपिअर सतत ओढणाऱ्या वायरला फ्यूज नसतो, जोड टेपने गुंडाळलेला असतो, आणि मागे जिनिंगवरून उचललेल्या कापसाच्या गाठी असतात. हायड्रोजनपेक्षा अशा वायरची मला जास्त धास्ती वाटते.

बीएस-६ गाडीला बसवलं तर?

बसवू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत हवा, दाब, तापमान, नायट्रोजन ऑक्साइड या सगळ्यांवर सेन्सर आहेत. बाहेरची वस्तू इनटेकमध्ये सोडली की वॉरंटीचा वाद सुरू झालाच. किटसोबत एक छोटी चिप देतात, ती सेन्सरला खोटा आकडा सांगते. थोडा फरक पडलाच तर तो या चिपने पडतो, आणि त्याची किंमत इंजिनाच्या तापण्यातून, धूर साफ करायला लागणाऱ्या जास्तीच्या यूरियातून किंवा लिंप मोडमधून (बिघाड समजून गाडी स्वतःच ताकद कमी करते) वसूल होते.

आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाने बदल करायला बंदी घालतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीशिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही आहेत. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट आणि हे किट यांची गल्लत करू नका. सीएनजी किट चाचणी होऊन मंजूर होतं आणि आरसी बुकात चढतं. आग लागली आणि सर्वेअरला चासीवर घरगुती सेल दिसला, तर क्लेमचं काय होईल ते सांगायला नको.

गाडी पाणीवर चालस का भो? कुणीतरी चालवली होती म्हणे.

अमेरिकेत ओहायोच्या स्टॅन्ली मेयरने तसा दावा केला होता. १९९६ मध्ये तिथल्या कोर्टाने तो धडधडीत फसवणूक ठरवला आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्याच वर्षी आपल्याकडे तामिळनाडूच्या रामर पिल्लईने पाल्यापासून पेट्रोल करून दाखवलं. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. राखेतून पुन्हा लाकूड करता येतं, पण ते जळताना जेवढी ऊर्जा मिळाली होती तेवढी तरी आधी घालावी लागते.

गॅरेजात हायड्रोजन लावून इंजिनाचा कार्बन काढतात, ते करू का?

ट्रकला नको. डिझेलची काजळी ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी नळी-झडप) आणि इनटेकमध्ये चिकटून बसते, ती खोलून, खरवडून, धुऊनच निघते.

पोराला कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून करायचं आहे. करू द्यावं का?

जरूर. टेबलावर, उघड्या जागी, चष्मा आणि हातमोजे घालून, एक-दोन सेलचं. वायू साठवायचा नाही, बबलरशिवाय नळी कुठेही न्यायची नाही. पाण्याने भरलेली खुणांची बाटली उलटी धरून वायू मोजायचा, क्लॅम्प मीटरने करंट मोजायचा आणि फॅरेडेच्या आकड्याशी ताडून बघायचा. एका सेलला १.२३ व्होल्ट पुरायला हवेत, मग प्रत्यक्षात दोन का लागतात? जास्तीचे कुठे गेले? पत्र्यांमधलं अंतर कमी केलं तर? पाणी तापवलं तर? असा प्रोजेक्ट वर्षभर पुरेल, आणि 'ट्रकचं ॲव्हरेज ३० टक्के वाढवा' असल्या शीर्षकापेक्षा त्यात शिकण्यासारखं कितीतरी जास्त आहे. शिक्षकांनी बचतीचा आकडा मागितला तर वरचा १३० आणि १५ चा हिशेब पोराला स्वतः करू द्या.

मग ॲव्हरेज वाढवायचं तरी कशाने?

पहिलं वेगाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ६० वर आलात तर हवेशी झगडा जवळपास निम्म्यावर येतो. पण केळीची गाडी वेळेत पोचली नाही तर माल पिकतो आणि भाडं कापलं जातं, हे मला माहीत आहे. तिथे दोष ड्रायव्हरच्या पायाचा नसतो. भाडं ठरवतानाच वेळ दोन-चार तास वाढवून घ्यावा लागतो. व्यापारी ऐकत नाही ही अडचण खरी आहे, पण ज्या ट्रान्सपोर्टवाल्याने ते जमवलं त्याला कुठलंच किट लागत नाही.

मग टायर. हवा कमी असली की टायर फिरताना जास्त दबतो आणि तापतो, इंजिन त्याला ओढत बसतं. जोडचाकांत आतला टायर कुणी बघत नाही, तोच कमी असतो. हवा थंड टायरवर, गेजने बघा. हातोडी मारून आवाजावरून नको. अलाइनमेंट बिघडलं तर टायरही खातं आणि डिझेलही.

दिवस संपल्यावर चाकाच्या हबजवळ हात न्या. एकच हब जास्त तापत असेल तर तिथला ब्रेक घासतोय. हे तपासायला पैसे लागत नाहीत, आणि अशी एक गाडी दुरुस्त झाली की मालक स्वतः येऊन सांगतो.

ताडपत्री फडफडू देऊ नका. लोडिंगला थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद करा. एअर फिल्टर वेळेवर बदला, धुळीच्या हंगामात लवकर. जुन्या गाडीचे नोजल तपासून घ्या. ड्रायव्हरसाठी पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटनेचे, म्हणजे पीसीआरएचे प्रशिक्षण वर्ग असतात. एखादा जवळ होत असेल तर त्याला पगारी सुट्टी देऊन पाठवा.

किट आधीच बसवलं आहे. आता काय करू?

आधी बॅटरीकडची वायर सोडा, किटकडची नाही. गाडी मोकळ्या जागी उभी करून थोडा वेळ हवा खेळू द्या. इनटेकच्या पाइपला पाडलेलं भोक नुसत्या टेपने बुजवू नका. तिथून धूळ थेट टर्बोत जाते. तो पाइपचा तुकडाच बदला. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात आणि इंटरकूलरच्या तोंडाशी पांढरी पूड दिसते का बघा. दिसली तर ती कॉस्टिकची आहे, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा. आतलं पाणी प्लास्टिकच्या जाड कॅनमध्ये काढा, ॲल्युमिनिअमच्या भांड्यात नको, त्यातून पुन्हा हायड्रोजनच निघेल. पाणी पिवळसर असेल तर कॅनवर लिहून ठेवा आणि ज्या कारखान्याचं सांडपाणी प्रक्रियेला जातं अशा ठिकाणी द्या. सेन्सरला चिप लावली असेल तर ती काढून मूळ कनेक्टर जोडा आणि स्कॅनरने जुने कोड पुसून घ्या. पत्रे स्टीलचे असतात. धुऊन, हातमोज्यांनीच, भंगारवाल्याकडे द्या. ३१६ ग्रेडचे (महागडं स्टेनलेस स्टील) असतील तर लोखंडाच्या भावात देऊ नका.